दुसरा काटा

काट्याने काटा काढावा, ही म्हण मी आजवर निःशंकपणे उच्चारीत आलो. परंतु कॅक्टोब्लास्टिस नावाच्या एका मातकट पतंगाची मादी आपली सत्तर-ऐंशी अंडी एकावर एक रचून हुबेहूब काट्यासारखी काडी निवडुंगाच्या फड्याला चिकटवून जाते, हे वाचल्यापासून ती म्हण मला स्वस्थ बसू देत नाही. त्या काट्यातून निघालेल्या नारिंगी अळ्या जथ्याने फड्यात शिरतात आणि आतला गर फस्त करून कातडे तेवढे शिल्लक ठेवतात.

गोऱ्या शिपायांच्या तांबड्या डगल्यांसाठी रंग देणारे किडे पोसावेत, या तजविजीने १७८८ साली निवडुंग ऑस्ट्रेलियात पोहोचला. मागाहून आलेल्या त्याच्या भाऊबंदांनी सुमारे सहा कोटी एकर जमिनीवर आपला अंमल बसविला. तेव्हा १९२५ साली अर्जेंटिनाहून या पतंगाची तीनेक हजार अंडी आणविली गेली, आणि दहा वर्षांच्या आत त्यांच्या संततीने तो मुलूख मोकळा केला. बूनार्गा गावच्या लोकांनी तर १९३६ साली बांधलेल्या सभागृहाला या किड्याचेच नाव दिले.

माझी आजी ओसरीवरच्या उन्हात माझा पाय मांडीवर घेऊन बाभळीच्या काट्याने काटा काढी, तळहातावर ठेवून "हा बघ चोर" म्हणे, आणि मग जखमेला गुळाचा चटका देई. तो चोर चुलीत जाई, हे पक्के आठवते. पण ज्याने चोर पकडला त्या दुसऱ्या काट्याचे ती काय करी? कधी वाटते, सारवलेल्या कुडात खोचून ठेवी. कधी वाटते, पदराला टोची. आणि कधी तर तिचा हात अंगणाकडे सहज झटकला गेल्याचा भास होतो. म्हणीला काय, काटा निघताच तिचे काम संपते. हातातल्या काट्याचा बंदोबस्त तिने कोणावर सोपविला आहे?

याच पतंगाला १९५७ साली कॅरिबियन बेटांवर नेले, आणि १९८९ साली तो फ्लोरिडात आढळला, जिथले निवडुंग कोणाच्याच पायात रुतले नव्हते. पलीकडे मेक्सिको, तिथे निवडुंग पानात वाढतात आणि राष्ट्रध्वजावरही मिरवितात. यात पतंगाचा गुन्हा नाही. प्रौढपणी तो काही खातसुद्धा नाही.

आजीला दोष द्यावा, असेही मनात येत नाही. मात्र पुढच्या खेपेस अंगणात माझ्या पायात जो रुतला, तो काटा बाभळीचाच होता, एवढे आठवते. आणि आमच्या अंगणात बाभूळ होती की नव्हती, हे काही केल्या आठवत नाही.