दसरा काढेपर्यंत

५ ऑगस्ट २०१९, सोमवार. सांगली

नागपंचमी. सकाळी सातलाच म्हसवडहून मावशीचा फोन. "आज सुईला हात लावू नगंस. इळीबी धरू नगंस." दर वर्षी सांगते. पुरणाची दिंडं उकडली. दुपारी हे आयर्विन पुलावर जाऊन पाणी बघून आले. कोयनेतून आणखी सोडलंय म्हणाले. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तिथून ते पाणी आमच्याकडे येतं. आपण फक्त तास मोजायचे.

गावभागात राहणाऱ्याला पुराचा अभ्यास असतो. आमच्या भिंतीवर २००५ ची रेघ आहे. आईची ट्रंक त्या रेघेच्या हातभर वर, फळीवर ठेवली आणि निर्धास्त होऊन विश्रामबागेत नणंदेकडे आलो.

१४ ऑगस्ट

घर उघडलं. इशारा ४० फुटांचा, धोका ४५ चा, आणि पाणी गेलं ५७ च्या वर. फळी जागेवर होती, ट्रंक पलंगाखाली तिरकी पडलेली. वैशाखात आई गेली तेव्हापासून ती मी उघडली नव्हती. सवड झाली की निवांत उघडीन, एकेक लुगडं वास घेऊन बघीन, असं मनात होतं. आज पान्याने कडी तोडावी लागली. सात लुगडी, दोन खणाच्या चोळ्या, सगळ्याचा एक गोळा. इरकलीच्या टोपपदराचा लाल रंग बाकीच्यांवर उतरलेला. आणि वास चिखलाचा.

१५ ऑगस्ट

राखी पौर्णिमा. भाऊ येऊ शकला नाही. ब्रह्मनाळला बोट उलटली त्याला आज आठवडा झाला. त्या घरांचा विचार केला की लुगड्यांसाठी रडायची लाज वाटते. तरी रडू येतंच. पंचनाम्याला आलेला मुलगा भला होता. टीव्ही, फ्रीज, गाद्या, धान्य असं विचारून विचारून लिहीत होता. "अजून काही?" म्हणाला. मी काही नाही म्हटलं.

१८ ऑगस्ट, रविवार. म्हसवड

यांनीच पाठवलं. "इथे नुसती चिखलाकडे बघत बसशील, चार दिवस मावशीकडे जाऊन ये." लुगडी पोत्यात भरून विट्यावरून आले. आटपाडीच्या बाजूला टँकरमागे घागरींची रांग होती. डोळ्यांवर विश्वास बसेना. इकडच्या माणसांना सांगलीच्या बातम्या बघताना काय वाटलं असेल?

मावशीने पोतं अंगणात उपडं केलं आणि कपाळाला हात लावला. "आगं, हितं प्यायला पानी न्हाय, आन् तू पुराचा चिखल घिऊन आलीस धुवायला!" मग दोघींना हसू फुटलं. दहाव्यानंतर पहिल्यांदा हसले असेन.

१९ ऑगस्ट

दोन बादल्यांत सात लुगडी. पहिलं पाणी उंबऱ्याबाहेरच्या लिंबाला, दुसरं जपून ठेवून पुन्हा पहिलं म्हणून वापरायचं. डाग गेले नाहीत, फिकट झाले. शेजारी सणगरांच्या घरातून चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास येत होता, घोंगडीला लावतात ती. चिखलाचा वास नाकातून गेला तो त्या वासाने.

मावशीने नायलॉनचं पातळ बाजूला काढलं. त्यात टाका धरत नाही, थर सरकतात. आईचं ते सगळ्यांत आवडतं होतं, मुंबईहून आणलेलं. मला राग आला. या लुगड्यांची वाकळ करायची हे कधी ठरलं, तेही मला कुणी विचारलं नव्हतं.

२१ ऑगस्ट

सोप्यात लुगडी अंथरली, एकावर एक. कोपऱ्यांवर दगड. आधी लांब लांब कच्चे टाके, मग कडेने धावदोरा. कडेला सुरू करायचं आणि फिरत फिरत मध्याकडे यायचं, दोन ओळींत बोटभर अंतर. मावशीला दिसतं कमी, पण बोट ठेवून अंतर बरोबर धरते. माझी ओळ कधी बोटभर, कधी दोन बोटं. तिने उसवायला लावली नाही. "तुझं तू वळखशील," एवढंच.

हातात सुई असली की पुराचे आकडे डोक्यात फिरत नाहीत, असं आज लक्षात आलं. पाच टाके सुईवर घ्यायचे, दोरा ओढायचा, पुढचे पाच. त्यापलीकडचं काही ठरवायचं नसतं. सध्या मला तेवढंच झेपतं.

२३ ऑगस्ट

मावशी बहात्तरच्या दुष्काळाचं बोलली. दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची, दुपारी पोरांच्या हातावर सुकडी, आणि रात्री चिमणीच्या उजेडात वाकळ शिवायची. इतकं दमल्यावर कशाला, असं मी विचारलं. "खडी कितीबी फोडली तरी रस्त्याची. वाकळ माजी हुती," म्हणाली आणि दाताने दोरा तोडला.

२५ ऑगस्ट

पुण्याहून भाची आलीय. मोबाइलवर बंगालची कांथा दाखवली, कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदी दाखवली, जपानातलं ठिगळांवर ठिगळं लावलेलं बोरो दाखवलं. मावशीने चष्मा लावून सगळं पाहिलं. "त्यांच्याकडंबी पूर आला व्हता व्हय?"

भाचीला वाकळ 'क्यूट' वाटली. असो.

२ सप्टेंबर. सांगली

गणपती. यंदा वीतभर मूर्ती, आरास नाही. भिंतीला ओल आहे, चुना धरत नाही. वाकळ अर्धी शिवून बरोबर आणली. रात्री यांनी न सांगता दुसऱ्या टोकाला बसून सुईत दोरा ओवून दिला. चाळीशी लावूनही चार वेळा चुकले. त्या ट्रंकेविषयी आम्ही अजून एक शब्द बोललेलो नाही.

१९ सप्टेंबर

मध्याला पोचले. शेवटी तळहाताएवढी जागा उरते तिथे काय शिवायचं, ते मावशीला फोन करून विचारलं. आईचा नायलॉनचा तुकडा चालेल का? थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "सरकंल. पर लाव." दुहेरी दोऱ्याने बारीक टाके घालून लावला.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

रविवारी घट बसणार, म्हणून आज दसरा काढला. घरातलं अंथरूण-पांघरूण सगळं धुवायचं. यंदा धुवायला उरलंय तरी काय? दोन चादरी, नणंदेने दिलेली सोलापुरी आणि ही वाकळ. नवी वाकळ धुवायची नसते, असं शेजारीण म्हणाली. ही कसली नवी!

घाटावर गर्दी होती. कृष्णा अजून गढूळ, पण पायऱ्यांच्या खाली. उतरताना मी दोन पायऱ्या अलीकडेच थांबले. मग यांनी हात धरला. वाकळ पाण्यात सोडली तशी ती जड होऊन प्रवाहाबरोबर ओढ खाऊ लागली. दोघांनी घट्ट धरून ठेवली. बाहेर काढून दोन टोकांनी पिळायला लागलो. त्यांनी उजवीकडे पीळ दिला, मी डावीकडे, मग "अहो, तिकडं नव्हे, इकडं!" आजूबाजूच्या बायका हसल्या.

पिळून पाणी आलं ते मातकटच. पुराचं की आजचं, कळायला मार्ग नाही. पुन्हा बुचकळली.