गुलालबारातील आप्त

अजिंक्यताऱ्याची चढण संपवून मंगळाईच्या बुरुजाशी पोहोचलो, तेव्हा खाली पसरलेले सातारा शहर, पश्चिमेचे यवतेश्वराचे पठार आणि माहुलीकडे कृष्णेच्या भेटीस निघालेली वेण्णा एकाच दृष्टिक्षेपात आली. १७०० च्या एप्रिलात मोगलांनी याच बाजूस सुरुंग उडविले. त्यांतील एकाने तट बाहेर, त्यांच्याच हल्लेखोरांवर, कोसळला, तरी महिना संपण्यापूर्वी किल्ला औरंगजेबाच्या हवाली झाला. ज्याची ही पुढे राजधानी व्हावयाची होती, तो शाहू त्या वेळी त्याच पातशहाच्या नजरकैदेत होता.

१६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा त्याचे वय अवघे सात वर्षांचे. पित्याचा वध झालेला, माता येसूबाई सोबत असली तरी तीही बंदिवान; आणि सभोवती गुलालबाराच्या, म्हणजे पातशाही तंबूंच्या आवाराच्या, कनाती, परकी भाषा, परके रिवाज. सात हजारी मनसब कागदावर असली तरी पोराला सवंगडी कोठून मिळणार? अशा वेळी त्यास जिव्हाळा लाभला तो पातशहाच्याच अविवाहित कन्येचा, झीनतुन्निसा बेगमेचा. पित्याच्या जनानखान्याचा कारभार पाहणारी ही स्त्री तेव्हा पन्नाशीकडे झुकलेली होती. शाहू सुटला त्या १७०७ साली तिने साठी ओलांडली होती. त्याच्या धर्मांतराचा प्रसंग आला तेव्हा बेगमेने रदबदली केल्याची आणि त्याच्या ऐवजी प्रतापराव गुजरांचा पुत्र खंडेराव पुढे झाल्याची हकीकत परंपरेने जपली आहे.

उतरल्यावर शहरातील बेगम मशीद पाहिली. शाहूंनी ती बेगमेच्या स्मरणार्थ बांधली, अशी गावात वदंता आहे. तेथून संगम माहुलीस गेलो. नदीकाठच्या देवालयांच्या सावलीत, वाघापासून धन्याचा जीव वाचविणाऱ्या, शाहूंच्या खंड्या नामक कुत्र्याची समाधी दाखवितात. मुक्या जनावराचेही उपकार ज्याच्या नावे असे सांगितले जातात, तो बेगमेस विसरला असेल हे संभवत नाही.

दुपारी रहिमतपूर, कराड, किर्लोस्करवाडी अशी स्थानके मागे टाकीत गाडी सांगलीकडे निघाली. दोहों बाजूंस उसाची हिरवी दाटी आणि मधूनच गुऱ्हाळाचा धूर. संध्याकाळी मिरजेस उतरलो. सतारमेकरांच्या गल्लीत एक वृद्ध कारागीर भोपळ्याची कड कानशीने घाशीत बसला होता, आणि शेजारी त्याचा नातू भुसा फुंकीत होता.

ही मिरज मात्र शाहूंनी १७३९ साली मोगली अंमलाखालून जिंकून घेतली. एका हाताने बेगमेची आठवण जपावी आणि दुसऱ्याने तिच्या घराण्याचे ठाणे काबीज करावे, यात मला विसंगती दिसत नाही. ऋण होते ते एका वृद्धेच्या मायेचे. तख्ताच्या खात्यावर त्यातील कवडीही जमा नव्हती, आणि हा हिशेब शाहूंस पक्का ठाऊक होता.