वार्ताहराचे एक वर्ष

गेल्या पावसाळ्यात आम्हांस चार दिवस इंदूरला राहण्याचा योग आला. होळकरांच्या या शहरात मराठी घरे पुष्कळ. अशाच एका घरी आमची सोय झाली होती. यजमान पत्रकारितेचे निवृत्त प्राध्यापक. सकाळी पोहे-जिलबी पुढे ठेवून त्यांनी बोलावयास आरंभ केला, तो थेट दुपारपर्यंत. (पोहे उत्तम होते, हे नमूद केलेच पाहिजे.)

त्यांना एकच ध्यास लागलेला आहे. गावोगावच्या वार्ताहरांतून दहाजण निवडावेत, त्यांच्या घरखर्चाची काळजी मिटवावी आणि विद्यापीठात वर्षभर ठेवून त्यांस विज्ञान शिकू द्यावे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रशास्त्र संस्थेत १९८३ साली अशी छात्रवृत्ती सुरू झाली. तिचे पहिले प्रमुख व्हिक्टर मॅकेल्हेनी हे स्वतः वृत्तपत्रांतून विज्ञानावर लिहीत आलेले गृहस्थ. अशा प्रमुखाने करावयाचे तरी काय, असे आम्ही विचारले.

"फादर, शिकविणारे विद्यापीठात पुष्कळ असतात. प्रमुखाने त्या माणसाचे वर्ष राखावयाचे. संपादक बातमी मागेल, ती देऊ द्यावयाची नाही. आणि 'मला समजले नाही' असे म्हणण्याची त्याची लाज घालवावयाची."

इंदूरलाच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. तेथील इंडस-२ या यंत्रात सुमारे १७२ मीटर परिघाच्या वलयातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवितात आणि त्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांनी पदार्थांची आतील रचना पाहतात. एवढे कळावयासही आम्हांस प्राध्यापकांकडून तीनदा ऐकावे लागले. मग सकाळी तेथे जाऊन संध्याकाळी बातमी देणारा वार्ताहर काय लिहिणार? पाहुण्यांची नावे आणि हारतुरे.

बोलता बोलता त्यांनी भोपाळच्या राजकुमार केसवानींचा विषय काढला. १९८१ च्या डिसेंबरात युनियन कार्बाइडच्या कारखान्यात फॉस्जीन वायूने केसवानींच्या ओळखीचा एक कामगार दगावला. केसवानी काही वैज्ञानिक नव्हते. त्यांनी कागदपत्रे मिळविली, रसायनांचा अभ्यास केला, त्यात महिनेच्या महिने घातले, आणि सप्टेंबर १९८२ पासून आपल्या 'रपट' साप्ताहिकातून ते शहरास सावध करू लागले. कोणी मनावर घेतले नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. केसवानींस कोणी छात्रवृत्ती दिली नव्हती. अभ्यासाचा वेळ त्यांनी आपला आपणच काढला. आणि वाचकहो, 'रपट' हे एक लहानसे साप्ताहिकच होते, आपल्या या साप्ताहिकासारखे!

हे ऐकून आम्ही गप्प झालो, त्याचे कारण येथे सांगणे भाग आहे. २०२१ च्या मार्चात एका रविवारी, मिस्सेनंतरच्या सूचना देताना, मोबाईलवर आलेला एक संदेश आम्ही वाचून दाखविला होता. दिवसातून तीनदा वाफारा घेतल्यास कोरोनाचे विषाणू मरतात, असा तो संदेश. आमच्या धर्मग्रामातील एका आजोबांनी, फादरांनी सांगितले म्हणून, ताप आल्यावर आठ दिवस वाफाराच घेतला. दवाखान्यात नेले तेव्हा उशीर झाला होता. वाफाऱ्याने विषाणू मरत नाहीत, ही गोष्ट आम्ही त्यांच्या दफनानंतर एका डॉक्टरांस विचारून घेतली. प्रवचनास उभे राहण्यापूर्वी तत्त्वज्ञान व ईशज्ञान शिकण्यात आमची सात वर्षे गेली. त्या संदेशाची चौकशी करण्यास आम्ही सात मिनिटेही दिली नव्हती.

त्या घरातील माणसांनी आम्हांस कधी बोल लावला नाही. आजही ती मिस्सेला पुढच्या बाकावर बसतात.

हे सर्व आम्ही प्राध्यापकांस सांगितले. ते काही बोलले नाहीत. आमचा पेला त्यांनी पुन्हा चहाने भरला. निघताना त्यांनी एक वही पुढे केली. योजनेस पैसा अजून मिळालेला नाही, पण नावे लिहून ठेवावयास कोणाची हरकत? आमच्या धर्मग्रामाच्या बातम्या या साप्ताहिकास पाठविणाऱ्या मुलीचे नाव आम्ही त्या वहीत लिहिले. तिला हे अद्याप सांगितलेले नाही. आता वाचूनच कळेल.