ययातीतला वायू निवत का नाही?

दीर्घिकासमूहाच्या छायाचित्रात डोळ्यांत भरतात त्या दीर्घिका. पण सगळ्या ताऱ्यांच्या कितीतरी पट वस्तुमान त्यांच्यामधल्या रिकाम्या भासणाऱ्या जागेत वायूच्या रूपात पसरलेलं असतं. (त्याहूनही मोठा वाटा कृष्णद्रव्याचा, पण तो विषय वेगळा.) हा वायू इतका विरळ की लिटरभर जागेत एखाद-दुसरा कण, आणि इतका तप्त की तापमान काही कोटी अंश. तो झळकतो क्ष-किरणांत. हे किरण पृथ्वीचं वातावरण अडवतं, म्हणून १९७० च्या डिसेंबरात उहुरू उपग्रह कक्षेत गेल्यानंतरच त्याचा पसारा उमगला.

बेंगळुरूत बसून मी याच वायूची गणितं मांडते. मला अस्वस्थ करतो तो उष्णतेचा प्रश्न. क्ष-किरण बाहेर टाकणारा वायू ऊर्जा गमावत असतो. समूहाच्या गाभ्यात तो दाट, आणि घनता दुप्पट झाली की तेज चौपट. या हिशेबाने ययाती तारकासमूहातल्या प्रसिद्ध दीर्घिकासमूहाचा गाभा अब्ज वर्षांच्या आत निवायला हवा होता. दरवर्षी शेकडो सूर्यांइतका वायू थंड व्हायला हवा होता. २००१ च्या सुमारास एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीने अशा समूहांचे वर्णपट घेतले, तेव्हा निवलेला वायू अपेक्षेच्या मानाने फारच थोडा निघाला. कोणीतरी त्याला तापवत होतं.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव लाभलेल्या चंद्रा वेधशाळेने त्याचा माग दाखवला. ययातीतल्या समूहाच्या मध्यभागी एनजीसी १२७५ ही दीर्घिका आहे. तिच्यातल्या कृष्णविवराच्या झोतांनी वायूत प्रचंड पोकळ्या पाडल्या आहेत, भोवती तरंग उठले आहेत. पण कृष्णविवर इवलंसं आणि गाभा लाखो प्रकाशवर्षांचा. लागेल तेवढीच उष्णता देणं त्याला साधतं कसं?

इथे भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्रतीक शर्मा यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. २०१२ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दोन काळांची तुलना केली: वायू निवायला लागणारा काळ आणि केंद्राकडे मुक्तपणे कोसळायला लागणारा काळ. पहिला दुसऱ्याच्या साधारण १० पटींखाली आला, की तप्त वायूतच गार गोळे साकळतात आणि केंद्रावर बरसतात. कृष्णविवराला खाद्य मिळतं, झोत उसळतात, वायू तापून विरळ होतो, पाऊस थांबतो. मग झोत मंदावतात आणि वायू पुन्हा निवू लागतो. देवव्रत प्रसाद यांच्यासह २०१५ मध्ये केलेल्या संगणकीय प्रतिकृतींत ही आवर्तनं स्पष्ट दिसतात. सीमा नेमकी १० वरच आहे का, यावर वाद आहेत. निरीक्षणांत हे गुणोत्तर त्याखाली क्वचितच उतरतं. मला मात्र या विचारातली यंत्रणा पटते.

झोतांची ताकद किती, याचा दाखला आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही दिला. भुजंगधारी तारकासमूहातल्या एका दीर्घिकासमूहात क्ष-किरणांनी दाखवलेली अजस्र पोकळी रेडिओलहरी देणाऱ्या कणांनी भरलेली आहे, हे २०२० मध्ये तिच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीच्या निरीक्षणांतून कळलं.

ही ऊर्जा पोकळीतून सभोवार पसरते कशी, हे अजून सुटलेलं नाही. घुसळणीतून म्हणावं, तर जपानच्या हितोमी उपग्रहाने २०१६ मध्ये ययातीत मोजलेला वायूचा वेग सेकंदाला अवघा १६० किलोमीटरच्या आसपास होता. काही आठवड्यांतच तो उपग्रह निकामी झाला. २०२३ च्या सप्टेंबरात त्याचा वारस एक्सरिझम अवकाशात गेला. आता एकेका समूहातले वेग हाती येताहेत, आणि आमच्या प्रतिकृतींतला वायू तेवढ्याच वेगाने हलतो का, हे मी ताडून पाहते आहे.