मांत्रिक, नावाडी आणि पैनगंगेचा पूर

खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असे वडीलधाऱ्यांचे मत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत; आणि परीक्षा जवळ आली म्हणजे ते आम्हांसही पटू लागते. परंतु काही खेळ असे असतात की ज्यांत धावावे लागत नाही, हात दुखत नाहीत, आणि तरीही न्याय-अन्यायाचा प्रश्न इतका तीव्रतेने उभा राहतो की रात्री अंथरुणात पडल्यावरही वाद मनात चालूच राहतो. अशाच एका खेळाविषयी येथे चार शब्द लिहावयाचे आहेत.

या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. तो १९७४ साली अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनी प्रसिद्ध केला. याला पट असलाच पाहिजे असे नाही आणि सोंगट्याही नसल्या तरी चालतात. एकाने सूत्रधार व्हावे आणि बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यावे. सूत्रधार सांगतो, “पुढे दाट सागवान आहे, अंधार पडत चालला आहे, तुम्ही काय करता?” ज्याने त्याने आपापल्या पात्राचे उत्तर द्यावयाचे, आणि यश की अपयश हे फाशाने ठरवावयाचे. वीस बाजूंचा फासा आमच्या बाजारात मिळाला नाही, तेव्हा आम्ही एका बिस्किटांच्या डब्यात १ ते २० अंकांच्या चिठ्ठ्या टाकल्या. आमच्यापैकी एकाचे थोरले बंधू हैदराबादेस शिकतात. नियमांची प्रत त्यांनी आणून दिली. भाषा आम्ही आमची घातली. आदिलाबादेत मराठी, तेलुगू, गोंडी आणि उर्दू अशा चार भाषा एकाच चौकात कानांवर पडतात, त्यामुळे आमच्या राक्षसांनाही चारही भाषा येतात!

नकाशाही आम्ही आमच्याच मुलखाचा काढला. दक्षिणेस कडम नदीवरचा कुंटाळ्याचा धबधबा, मध्ये शहर, उत्तरेस जैनदवरून जाणारी वाट, आणि तिच्याही पलीकडे पैनगंगा. नदीच्या त्या तीरास यवतमाळ जिल्हा लागतो. आज राष्ट्रीय महामार्ग ४४ च्या पुलावरून मोटारी ही नदी केव्हाच ओलांडून जातात. पण आमच्या खेळाचा काळ पुलाच्या आधीचा, तेव्हा नदी ओलांडणे हीच एक मोहीम होती.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. या खेळात पात्राची प्रगती होते. तिला आम्ही ‘इयत्ता’ म्हणतो. अशा वीस इयत्ता आहेत. मंत्रांना मात्र ‘पायऱ्या’ आहेत, त्या नऊ. पहिल्या इयत्तेतील मांत्रिक म्हणजे अगदी दीनवाणा प्राणी. शिलेदाराचा जीव दहाच्या फाशाने मोजतात, मांत्रिकाचा सहाच्या. अंगात चिलखत नाही, हातात खंजीर, आणि दिवसाकाठी पहिल्या पायरीचे मंत्र म्हणण्याची संधी ती अवघी दोन वेळा. त्याने शिलेदाराच्या पाठीमागे लपावे हेच शहाणपण. परंतु इयत्ता जसजशी वाढते, तसतसा शिलेदार तलवार थोडी अधिक बरी चालवू लागतो, इतकेच. मांत्रिक मात्र तेराव्या इयत्तेत सातव्या पायरीवर जातो आणि सतराव्या इयत्तेत नवव्या. नवव्या पायरीवर ‘इच्छापूर्ती’ नावाचा एक मंत्र आहे. जे मागावे ते घडते! अशा मांत्रिकाशेजारी उत्तम तलवारबहाद्दराने काय करावे? त्याचे सामान वाहावे.

आमची गोष्ट नवव्या पायरीपर्यंत गेलीच नाही. सातव्या पायरीनेच घोटाळा केला. दोन वर्षांच्या रविवारांनंतर आणि पावसाच्या सुट्ट्यांनंतर आमचा मांत्रिक तेराव्या इयत्तेत पोहोचला. त्या वेळची मोहीम अशी होती: श्रावणाचा महिना, पैनगंगेला पूर, पलीकडच्या गावात तापाची साथ, आणि आमच्याजवळ औषधाची पेटी. आमच्यात एक नावाडी होता. ते पात्र घेणारा आमचा मित्र नदीकाठच्या शेतकरी घरातला. पूर चढतो आहे की उतरतो आहे हे पाण्याच्या रंगावरून आणि वाहत येणाऱ्या काडीकचऱ्यावरून कसे ओळखावे, डोंगा सरळ न लावता वरच्या अंगाने का सोडावा, दोर कोणत्या झाडाला बांधावा आणि कोणत्या झाडाला बांधू नये, हे त्याला ठाऊक होते. हे ज्ञान त्याला कोणत्याही पुस्तकातून मिळालेले नव्हते. त्या रविवारी तो घरून खऱ्या दोराचा तुकडा घेऊन आला होता. गाठ कशी मारावी हे आम्हांस दाखवावे म्हणून.

सूत्रधाराने पुराचे वर्णन आरंभिले. वर्णन संपते न संपते तोच मांत्रिक म्हणाला, “मी स्थलांतराचा मंत्र म्हणतो. आपण सगळे पलीकडे.” गाव त्याच्या पात्राचे जन्मगाव होते, अशा ओळखीच्या जागी हा मंत्र शंभरात शहात्तर वेळा बिनचूक उतरतो. तो उतरला. मोहीम संपली. दोराचा तुकडा पिशवीतच राहिला.

पुढच्या रविवारी नावाडी आला नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. आम्ही विचारावयास गेलो तेव्हा तो रागावलेला नव्हता. तो इतकेच म्हणाला, “मला डोंगा हाकायचा होता. तुम्ही नदीच पुसून टाकलीत.”

हे वाक्य आमच्या मनात फार दिवस घोळत राहिले. सामान्यतः असे समजतात की मोठा मंत्र मोठा प्रहार करतो, म्हणून खेळ बिघडतो. आमचा अनुभव वेगळा आहे. प्रहार कितीही मोठा असो, त्यास तोंड देणारा शत्रू सूत्रधार तितकाच मोठा करू शकतो. पण उडून जाणे, क्षणात दुसरीकडे उतरणे, मेलेल्याला उठविणे, मनातले वाचणे, हे मंत्र शत्रूला हरवीत नाहीत. ते प्रश्नच नाहीसा करतात, आणि प्रश्नाबरोबर तो सोडविणाऱ्या दुसऱ्या माणसालाही नाहीसे करतात.

मग मंत्रच बंद करावा काय? तसा ठराव पुढे आला, तेव्हा मांत्रिकाच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. “दोन वर्षं मी खंजीर घेऊन तुमच्या मागं मागं चाललो,” तो म्हणाला. “दोनदा मरता मरता वाचलो. आता कापूस फुटला तर शेत काढून घेता?” यावर कोणालाही उत्तर सुचले नाही. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही.

या प्रश्नावर खुद्द खेळ रचणाऱ्यांनीही पुष्कळ डोके खाजविले आहे. १९७४ च्या मूळ पुस्तिकांत मांत्रिकाचे मंत्र सहाव्या पायरीपर्यंतच होते. सात, आठ व नऊ या पायऱ्या १९७५ च्या पुरवणीत आल्या आणि दुखणे तेथून बळावले. १९७९ च्या सूत्रधार-पुस्तकात इच्छापूर्तीचा मंत्र म्हणणाऱ्याचे वय तीन वर्षांनी वाढे! २००८ च्या आवृत्तीत सर्व पात्रांना जवळजवळ एकाच साच्याच्या शक्ती देऊन पाहिल्या. तोल साधला, पण सगळ्यांची चव एकच लागते अशी पुष्कळांची तक्रार झाली. २०१४ च्या आवृत्तीत, ज्या मंत्रांना चित्त एकाग्र ठेवावे लागते, असा एकच मंत्र एका वेळी चालू ठेवता येतो; आणि इच्छापूर्तीचा मंत्र नेहमीच्या कामाबाहेर वापरला, तर शंभरात तेहतीस वेळा तो त्या मांत्रिकाला जन्मात पुन्हा म्हणता येत नाही.

हे वाचताना आम्हांस एकसारखे वाटत होते की हे कोठेतरी पूर्वी ऐकले आहे. आणि ऐकले होतेच, आजीकडून! महाभारतातील अस्त्रे म्हणजे दुसरे काय? इंद्राने कवचकुंडलांच्या मोबदल्यात कर्णाला शक्ती दिली, पण एकदाच वापरण्यासाठी. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली. चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचाने कौरवसेनेची अशी दाणादाण उडविली की कर्णाला ती त्याच्यावर सोडावी लागली. भीमाचा पुत्र पडला, पांडव शोक करीत होते, आणि कृष्णाला मात्र आनंद आवरेना. कारण शक्ती खर्ची पडली होती. खेळाच्या दृष्टीने पाहिले तर केवढी ही युक्ती! अस्त्र एकदाच चालणारे असल्यामुळे ते बाहेर कोण काढवील आणि त्यासाठी कोण कोसळेल, यावर इतर सर्व वीरांचे महत्त्व उभे राहिले. द्रोणाच्या वधानंतर अश्वत्थाम्याने नारायणास्त्र सोडले, ते व्यर्थ गेले. दुर्योधन म्हणाला, पुन्हा सोड. पुन्हा सोडता येत नाही, असे अश्वत्थाम्याला सांगावे लागले. कर्णाला तर परशुरामाच्या शापाने ऐन वेळी अस्त्राचा मंत्रच आठवला नाही. (जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या १९५० सालच्या पुस्तकातील मांत्रिक मंत्र म्हणताच तो विसरतात, गायगॅक्स यांनी आपल्या खेळासाठी ही कल्पना तेथून उचलली. पाठांतराची परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्यांना या मांत्रिकांविषयी विशेष जिव्हाळा वाटावा.) आणि ब्रह्मशिर अस्त्र अर्जुनाला आवरता आले, अश्वत्थाम्याला आले नाही, सोडणे दोघांनाही येत होते.

भस्मासुराची कथा सर्वांस ठाऊकच आहे. मर्यादा न घालता वर दिला तर देणाऱ्यालाच पळावे लागते, हे आमच्या सूत्रधाराने आम्हांस बजावून सांगितले. तो त्या वेळी स्वतःविषयी बोलत होता.

या साऱ्याचा आमच्या अडचणीस काय उपयोग? आमच्या खेळात मांत्रिक आठ तास झोपला की सकाळी मंत्र पुन्हा हजर असे. कर्णाला अशी सोय असती तर महाभारत चौदाव्या रात्रीच आटोपले असते. म्हणून पहिली गोष्ट अशी ठरली की रात्र महाग करावयाची. ज्याच्यासाठी औषध न्यावयाचे, त्याचा ताप झोपणाऱ्यांसाठी थांबत नाही. हा नवा नियम नव्हे. सूत्रधाराने घड्याळ चालू ठेवले, इतकेच.

दुसरी गोष्ट मात्र आम्हीच शोधली, आणि तिचा आम्हांस थोडा अभिमानही आहे. स्थलांतराच्या मंत्राचा जो तक्ता आहे, त्यात जागेची ओळख फार महत्त्वाची. अगदी ओळखीच्या जागी शंभरात शहात्तर. नुसत्या ऐकीव वर्णनावर शंभरात सत्तावीस, आणि चुकल्यास इजाही होते. तेव्हा आम्ही ठरविले की ज्या जागेचे वर्णन गटातील एखाद्या जाणत्या पात्राने खाणाखुणांसह केले असेल, ती जागा मांत्रिकाच्या ओळखीची धरावी. आणि पुराने बदललेली जागा, ती त्याची जन्मभूमी असली तरी, ओळखीची धरू नये. मंत्र मांत्रिकाचाच राहिला, त्याची एक पायरीही आम्ही कापली नाही. पण तो नेम धरून सोडावयाचा तर भूमी जाणणारा माणूस शेजारी हवा.

नावाड्याला आम्ही हा नियम त्याच्या शेतावर जाऊन वाचून दाखविला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “पूर आल्यावर गाव रिकामं होतं. लोक कुठं जातात, हे तुमच्या मांत्रिकाला ठाऊक आहे?” मांत्रिकाला ठाऊक नव्हते.

पुढच्या मोहिमेत पाणी रात्री चढले. गाव पाण्यात होते, आणि माणसे कोठे आहेत हा प्रश्न मंत्राने सुटणारा नव्हता. नावाड्याने नकाशावर बोट ठेवून सांगितले: गुरे आधी उंचवट्याकडे हाकतात, त्यामागून म्हातारी माणसे, आणि शेवटी धान्य. उंचवटा दोन वळणांच्या मध्ये, वर एक मोठे चिंचेचे झाड, झाडाच्या दक्षिण अंगास पाणी पोहोचत नाही. तो बोलत होता आणि मांत्रिक डोळे मिटून ऐकत होता. चिठ्ठ्या काढल्या, मंत्र चिंचेखाली उतरला. तेथे औषध मिळाले, पण अकरा माणसे अजून गावातच एका माळवदावर अडकली होती, आणि दिवसाचा मंत्र तर संपला होता. तेथून पुढे दोन तास डोंगा, दोर आणि शिलेदाराचे दंड यांचेच काम होते. नऊ माणसे आली. दोघांसाठी डोंगा परत फिरला तेव्हा नावाड्याच्या चिठ्ठीवर ३ आला, आणि खोलीत कोणी श्वासही घेतला नाही. मग शिलेदाराने दोर धरून पाण्यात उडी घेतली.

सध्या आमच्यात मृताला उठविण्याच्या मंत्रावरून वाद चालू आहे. तो पाचव्या पायरीचा असून त्यास पाचशे मोहरा किमतीचा हिरा लागतो. शिलेदाराचे म्हणणे, मंत्र ठेवावा. त्याला त्याची गरज सर्वांत अधिक पडते. नावाड्याची हरकत नाही, पण त्याची एक अट आहे: हिरा बाजारातून आणलेला चालणार नाही, तो आमच्या नकाशातच शोधून काढला पाहिजे. भूगोलाच्या पुस्तकात आम्ही पाहिले. आमच्या जिल्ह्यात चुनखडी आहे. रविवारी मतदान आहे.