पहिला बुडबुडा

अप्पा सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघात तीस वर्षं टाक्या धुण्याच्या कामावर होते. आधी साधं पाणी, मग गरम कॉस्टिक, पुन्हा पाणी. त्या पाण्याच्या नमुन्यात ते फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकत. पाणी गुलाबी झालं की कॉस्टिक राहिलंय, पुन्हा धुवायचं. गुलाबी नाही झालं की मग ॲसिड. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचे आणि तो थेंब मीच टाकायचे. स्वच्छ म्हणजे काय, हे मी तिथं शिकले.

त्यामुळं एमएस्सी करून पुण्याजवळच्या एका बायोटेक कंपनीत डाउनस्ट्रीम विभागात रुजू झाले, तेव्हा कारखाना म्हणजे माझ्या डोक्यात स्टीलच होतं. पहिल्या दिवशी दोनदा कपडे बदलून, डोक्यापासून पायापर्यंत झाकून आत गेले, तर खोली जवळजवळ रिकामी! मधोमध चाकांवरची एक स्किड, तिच्यावर पंप आणि स्क्रीन. पण पंपाला नळी कुठंच नाही. भिंतीशी मोठी खोकी. शिफ्ट इन्चार्ज मॅडमनी एक उघडलं. आत एकात एक दोन प्लास्टिकच्या पिशव्या, आणि त्यांच्या आत गुंडाळून ठेवलेल्या नळ्या, क्लॅम्प, पांढऱ्या कॅप्सूल, घडी घातलेली एक मोठी पारदर्शक पिशवी. सगळं एकमेकांना आधीच जोडलेलं.

“टाकी कुठंय?” मी विचारलं.

“हीच,” मॅडमनी त्या घडीवर हात ठेवला.

“आणि धुवायची कधी?”

“धुवायची नाही. बॅच झाली की कापून जाळायला जाते.”

त्या संध्याकाळी खोलीवर परत आले तरी ते उत्तर माझ्या डोक्यातून जात नव्हतं. दुधाची पिशवी धुऊन दोरीवर वाळत घालणारी आई मी रोज पाहिली होती.

आम्ही जे बनवतो ते औषध म्हणजे एक अँटिबॉडी. चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून १९५७ मध्ये वेगळ्या केलेल्या पेशींचे वंशज, म्हणजे सीएचओ पेशी, २००० लिटरच्या पिशवीत वाढतात आणि अँटिबॉडी बाहेर सोडतात. पण त्या रश्श्यात मेलेल्या पेशी, त्यांचा डीएनए, त्यांची स्वतःची प्रथिनं असं बाकीचंही सगळं असतं. त्यातून एकच रेणू निवडून काढायचा, आणि तोही माणसाच्या शिरेत जाण्याइतका शुद्ध. डाउनस्ट्रीमचं काम ते.

हेच काम स्टीलमध्ये करता येतं आणि जगात बऱ्याच ठिकाणी अजूनही होतं. पण मग प्रत्येक वळण, प्रत्येक व्हॉल्व्ह कॉस्टिकनं धुवायचा, १२१ अंशांच्या वाफेनं निर्जंतुक करायचा, आणि मागच्या औषधाचा अंशही पुढच्या औषधात गेला नाही हे स्वॅब घेऊन, पाण्यातला कार्बन मोजून कागदावर सिद्ध करायचं. एका जागी चार वेगवेगळी औषधं बनत असतील तर दर बदलाला हे आलंच. मला पहिल्यांदा उलगडलं ते असं: इथं फेकून दिला जातो तो भाग म्हणजे जिथं-जिथं औषधाचा स्पर्श होतो तेवढाच. पंप, सेन्सरचे कप्पे, स्टीलचे सांगाडे राहतात.

निर्जंतुक करण्याचं काम आमच्या आधीच कुणीतरी केलेलं असतं. बंद खोकं तसंच्या तसं गॅमा किरणांपुढून जातं, साधारणपणे किमान २५ किलोग्रेचा डोस. आपल्याकडं ट्रॉम्बेच्या आयसोमेड प्रकल्पात १९७४ पासून कोबाल्ट-६० वापरून वैद्यकीय साहित्य असंच निर्जंतुक होत आलंय. खोक्यावरचा छोटा गोल ठिपका रंग बदलून सांगतो की किरणं लागलेली आहेत. मला तो ठिपका पाहिला की अप्पांच्या परीक्षानळीतलं पाणी आठवतं.

पण प्लास्टिक निर्जंतुक झालं म्हणजे निर्धोक झालं असं नाही. मॅडमनी मला वाचायला दिलेल्या पहिल्या कागदांत २०१३ मधला एक शोधनिबंध होता. काही पिशव्यांत पेशी नीट वाढेनात. कारण शोधत गेल्यावर सापडलं की प्लास्टिक टिकावं म्हणून घातलेलं एक रसायन किरणांमुळं तुटतं आणि त्याचा तुकडा पिशवीतून द्रवात झिरपतो. अगदी थोडासा, पण पेशींना पुरेसा. तेव्हापासून मी पिशवीला नुसती पिशवी म्हणत नाही.

पहिले दोन आठवडे मी फक्त बघत होते. आधी डेप्थ फिल्टर: सेल्युलोजचे तंतू आणि डायटोमाइट माती यांची जाड गादी, जी पेशींचा चोथा आपल्या जाडीतच अडकवते. मग प्रोटीन ए चा कॉलम. इथं मी पुन्हा गोंधळले, कारण हा कॉलम कारखान्यातून भरून, तयार होऊन येतो, पण तो खऱ्या अर्थानं ‘एकदाच’ वापरायचा नसतो. रेझिन फार महाग, म्हणून एका बॅचमध्येच त्याची तीन-चार आवर्तनं होतात, मध्ये कॉस्टिकनं धुऊन. आमच्याकडं तो एकाच औषधाच्या एका मोहिमेपुरता. त्या खोलीत कॉस्टिकचं नाव ऐकून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

प्रोटीन ए मूळचं स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूच्या अंगावरचं. अँटिबॉडीची शेपटी ते घट्ट पकडतं. बाकी सगळं वाहून जातं. मग आम्ल द्रावण सोडलं की पकड सुटते. स्क्रीनवर २८० नॅनोमीटरची रेषा जमिनीला चिकटून चाललेली असते, आणि एकाएकी ती उभी चढायला लागते. ती चढताना पहिल्यांदा पाहिली तेव्हा मास्कच्या आत माझा श्वास अडला. शाळेत आपण खडूवर शाईचा ठिपका देऊन रंग वेगळे केले होते. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनीही पानांतले रंग खडूच्याच भुकटीतून वेगळे केले होते. इथं रंग नव्हता, पण गोष्ट तीच होती.

पुढं त्याच आम्लात तासभर ठेवून आवरण असलेले विषाणू निकामी करायचे. उरलेला डीएनए पकडायला धन भाराचा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन ॲड्सॉर्बर. हा मात्र अगदी एका बॅचचाच. रेझिनच्या मण्यांत रेणूला छिद्रांतून हळूहळू आत शिरावं लागतं, पडद्यात प्रवाहच त्याला भिंतीशी नेऊन सोडतो, म्हणून एवढ्याशा कॅप्सूलमधून एवढा वेग निघतो. त्यानंतर २० नॅनोमीटरचा विषाणू फिल्टर, मग अल्ट्राफिल्ट्रेशन, आणि शेवटी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. तिसऱ्या आठवड्यात तो माझ्या हाती दिला.

वापर झाल्यावर फिल्टर फाटलेला नव्हता हे सिद्ध करावं लागतं. तो पाण्यानं पूर्ण भिजवायचा आणि एका बाजूनं हवेचा दाब वाढवत न्यायचा. ओल्या पंच्यातून फुंकायला जोर लागतो तसंच: छिद्र जितकं बारीक तितकं पाणी त्यात घट्ट बसतं. आमच्या फिल्टरला साडेतीन बारच्या आसपास पहिला बुडबुडा यायला हवा. त्याआधी आला तर कुठंतरी मोठं छिद्र आहे.

रात्रीचे अडीच वाजले होते. मशीननं दोन बारला चाचणी थांबवली. नापास.

फिल्टरच्या पलीकडं, पिशवीत, पूर्ण बॅच होती. पाच-सहा किलो अँटिबॉडी. कित्येक रुग्णांचे डोस. माझे हात थंड पडले. मॅडमना बोलावलं, त्या धावत आल्या नाहीत, चालत आल्या. बॅचची नोंदवही, म्हणजे बीएमआर, उघडून त्यांनी मी लिहिलेल्या वेळा वाचल्या आणि विचारलं, “भिजवताना पुढचा क्लॅम्प किती उघडा होता?”

“पूर्ण.”

“मग आत दाब राहिलाच नाही. पाणी सोप्या वाटेनं निघून गेलं, घड्यांतली हवा आतच राहिली. कोरड्या छिद्रातून हवा सरळ जाते. आणि प्रथिनाचा अंश राहिला असला तरी पाण्याची पकड सैल होते.”

ठरलेल्या कार्यपद्धतीप्रमाणं, म्हणजे एसओपीप्रमाणं, जास्त पाण्यानं, दाबाखाली पुन्हा भिजवून दुसरी चाचणी घेता येत होती. पण त्याआधी पहिली चाचणी नापास झाल्याचं, आणि का, ते माझ्या अक्षरात लिहायचं होतं. मी लिहिलं. दुसऱ्यांदा फिल्टर पास झाला. तरी मला त्या सकाळी झोप आली नाही.

अप्पांना फोन केला. ते म्हणाले, “म्हंजे टाकी धुवायची न्हाई, पन तपासायची हायेच की.” मग थोडं थांबून, “आनि एवढं पलास्टिक जाळत्यात?” याचं पूर्ण उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पाणी, वाफ आणि कॉस्टिक वाचतं हे खरं. आणि अनेक थरांच्या, औषध लागलेल्या पिशव्यांचा पुनर्वापर होणं अवघड, हेही खरं. जाळायला जाणाऱ्या खोक्यांची दरवाज्याशी उभी केलेली रांग मी रोज बघते आणि मला ती खुपते. कुणीतरी यावर मन लावून काम करायला हवं. जमलं तर मी करीन. पिशव्या, फिल्टर हे सगळं दुरून येतं, हेही खुपतं. २०२१ च्या मार्चमध्ये लस बनवणाऱ्या सिरम इन्स्टिट्यूटच्या अदर पूनावालांनी पिशव्या आणि फिल्टरांच्या टंचाईबद्दल जाहीरपणे सांगितलं, आणि एप्रिलमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना उद्देशून निर्यातबंदी उठवण्याची विनंती केली. तेव्हा मी कॉलेजात होते आणि लसीला फिल्टर का लागतो ते मला कळलं नव्हतं.

पुढच्या बॅचला ०.२ चा फिल्टर पुन्हा माझ्याकडंच आला. कॅप्सूल उभी धरली, वरचा व्हेंट उघडला, पुढचा क्लॅम्प अर्धा आवळला. गेजचा काटा चढला. नळीतून बुडबुड्यांची माळ वर जायला लागली, मग एकेक, मग बराच वेळ एकही नाही. मी बोटानं कॅप्सूलवर टिचकी मारली. अजून एक आला. पुन्हा टिचकी मारली, आणि व्हेंटमधून फक्त पाणी आलं तेव्हा तो बंद करून घड्याळ पाहिलं आणि वेळ लिहिली.