बगलेतला हात

वार्धक्यातील क्षीणता म्हणजे नुसते वय होणे नव्हे. नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, सैल पडलेली मूठ, मंदावलेली चाल आणि कमी झालेली हालचाल या पाचांपैकी तीन लक्षणे एकत्र आढळली की ती आली असे मानावे, ही लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांची २००१ मधील कसोटी आजही वापरली जाते. मालवण किनाऱ्यावर व्यायामोपचार करणाऱ्याची अडचण मात्र निदानात नसून, बुटक्या खुर्चीवरून हात न टेकता उठण्याच्या पहिल्या वीतभरात आहे. छाती पुढे झुकते, मांड्या थरथरू लागतात आणि नेमक्या त्या क्षणी उपचारकाचा हात वृद्धेच्या बगलेत जाऊन मांड्यांनी पेलायचा भार स्वतःवर घेतो. हा हात चुकत नाही याचा त्याला मोठा अभिमान असतो, ‘तुमच्या हाताला गुण आहे’ हे ऐकण्याची चटकही असते. साठी उलटल्यावर मनगट दुखू लागल्याने तो हात मागे ठेवावा लागला आणि त्यामुळेच म्हाताऱ्या अधिक उठू लागल्या, हे पचवणे त्या अभिमानाला फार जड जाते.

स्नायूला बळ येते ते टप्प्याटप्प्याने वाढवलेल्या भाराने. मारिया फियातारोने यांनी बोस्टनमधील १०० वृद्धांवर केलेल्या, १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या भारव्यायामाने ताकद आणि चालण्याचा वेग वाढला, नुसत्या पोषक पेयाने मात्र वाढला नाही. तरीही शेक देणारी यंत्रे आणि भुकटीचे डबे हाच उपचार म्हणून विकणाऱ्यांचा धंदा तेजीत आहे, ही खेदाची गोष्ट आहे. अर्थात अन्नाविना व्यायामही लुळाच. वृद्धांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५० ते ६० ग्रॅम. रात्रीच्या पेजेने आणि लोणच्याच्या फोडीने ती भरत नाहीत. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम असतात, त्यामुळे पिठी दाट हवी, जोडीला अंडे हवे, आणि जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सुकी सुंगटे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे.

गणपतीला आलेला चाकरमानी मुलगा न्हाणीघरात दांडी बसवतो, ती हवीच. पण त्याच मायेने तो आईच्या हातची कळशीही काढून घेतो. ती अर्धी भरून तिच्याच हाती ठेवावी, आणि सहज पेलू लागली की आणखी थोडी भरावी.